बेंडिगोचं गोल्डन ड्रॅगन म्युझियम: आईला घेऊन एक पूर्ण दिवस

बेंडिगोतल्या चिनी समाजाच्या या म्युझियममध्ये मी दोनदा गेले. पहिल्यांदा एका सहल कंपनीच्या बसमधून. त्यांनी आम्हाला आत सोडलं आणि चाळीस मिनिटांत बसमध्ये हजर व्हायला सांगितलं. मी ड्रॅगनसमोर फोटो काढला, दुकानातून एक फ्रिज मॅग्नेट घेतला आणि परतले. पुढे दोन वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, 'हो, बघितलंय की, मोठा ड्रॅगन आहे तिथे.' आता कळतं, की मी तेव्हा काहीच बघितलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा सोन्याचा पट्टा बघायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी तरी माझ्यासारखं करू नये.

दुसऱ्यांदा गेले ती आई भारतातून आली होती तेव्हा, आणि सहलीच्या भानगडीत न पडता. मी मेलबर्नला एका हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळ्या संपल्या, सलग तीन दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही सदर्न क्रॉसवरून सकाळची गाडी पकडली. साधारण दोन तासांत बेंडिगो. स्टेशनातून म्युझियमपर्यंत चालत जाता येतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही रमतगमत गेलो. वाटेत रुंद रस्ते आणि राजवाड्यासारखं जुनं पोस्ट ऑफिस बघून आई म्हणाली, "एवढ्याशा गावाला एवढा थाट कशाला गं?" त्याचं उत्तर सोनं. 1851 साली इथल्या ओढ्यात सोनं सापडलं आणि पुढच्या शंभर वर्षांत या परिसरातून सुमारे 2 कोटी 20 लाख औंस सोनं निघालं. ही जमीन जा जा वुरुंग लोकांची. सोन्यासाठी आलेल्या गर्दीने त्यांचे ओढे खणून काढले, झाडं तोडली, पाणी गढूळ केलं. म्युझियममध्ये शिरण्याआधी एवढं मनाशी असावं.

म्युझियम ब्रिज स्ट्रीटवर आहे. इथेच एके काळी गावातली चिनी वस्ती होती: दुकानं, खाणावळी, राहायच्या खोल्या. ती वस्ती हळूहळू ओसरली, इमारती गेल्या. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथे राहिले, त्या घरांतल्या लोकांनी, बेंडिगो चायनीज असोसिएशनच्या पुढाकाराने, 1991 साली हे म्युझियम उघडलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सरकारी म्युझियममध्ये वस्तूंना क्रमांक असतात. इथे वस्तूंना घरं आहेत. काही गोष्टी शंभराहून जास्त वर्षांत गावाबाहेर गेलेल्याच नाहीत. मिरवणुकीत वापरल्या, पेट्यांत घडी करून ठेवल्या, पुढच्या वर्षी पुन्हा काढल्या.

थोडा इतिहास सांगते, कारण तो माहीत असला की आतल्या वस्तू बोलायला लागतात. सोन्यासाठी इथे आलेले बहुतेक चिनी लोक दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातले. कॅलिफोर्नियाला ते जुना सोन्याचा डोंगर म्हणायचे, ऑस्ट्रेलियाला नवा, आणि बेंडिगोला 'दाई गुम सान', म्हणजे मोठा सोन्याचा डोंगर. त्यांची संख्या वाढली तशी इतर खाणवाल्यांची कुरकुर वाढली. 1854 मध्ये बेंडिगोत त्यांना हाकलून द्यायची भाषा उघडपणे सुरू झाली. 1855 मध्ये व्हिक्टोरिया सरकारने कायदा केला: जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी. फक्त चिनी माणसाला. लिव्हरपूलहून आलेल्याला नाही.

मग जहाजवाल्यांनी वाट बदलली. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाचं छोटं बंदर आहे. तिथे हा कर नव्हता. एकट्या 1857 मध्ये हजारो माणसं तिथे उतरली आणि खांद्यावर कावड घेऊन, एका मागोमाग एक, सोन्याच्या पट्ट्याकडे चालत निघाली. रोब ते बेंडिगो चारशे किलोमीटरहून जास्त आहे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती एकदम थांबली. तिने दोनदा पायी वारी केली आहे. "आळंदी-पंढरपूरच्या दीडपट झालं की गं हे," ती म्हणाली, "आणि तिकडे गावागावात पाणी द्यायला माणसं उभी असतात. यांना कोण होतं?" हा प्रश्न घेऊनच आम्ही पुढची दालनं बघितली.

आता माझ्या आईच्या आवडीच्या दालनाबद्दल. मिरवणुकीचे झगे, पताका, छत्र्या, निशाणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे सगळं इथल्या लोकांनी वर्गणी काढून चीनमधून मागवलं. आई आयुष्यभर शिवणकाम करत आली, त्यामुळे तिने माहितीच्या पाट्यांकडे बघितलंच नाही, सरळ काचेला नाक लावलं. रेशमावर सोनेरी धागा आडवा घालून बारीक टाक्याने वरून पकडलेला. "ही आपली कलाबूत," आई म्हणाली. "धागा कापडातून ओवत नाहीत, वरच निजवतात. ओवला तर सोनं झिजतं ना." मी आजवर अशी कितीतरी कापडं काचेआड बघितली असतील, पण धागा निजवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका झग्यापाशी ती दहा मिनिटं होती. त्याच्या बाहीच्या आतल्या बाजूला कापड काळपट झालेलं. "घाम," आई म्हणाली. "अंगात घातलेला आहे हा. नुसता शोभेचा नाही."

माझ्यासाठी मात्र या म्युझियमचं मर्म दुसरीकडे होतं. मिरवणूक कशासाठी निघायची? हॉस्पिटलसाठी.

बेंडिगोचा ईस्टर उत्सव 1871 मध्ये सुरू झाला तोच गावाच्या हॉस्पिटलला आणि निराधारांच्या आश्रमाला पैसे जमवायला. खाणीत हात-पाय मोडलेली, छाती निकामी झालेली, घरादारापासून लांब आलेली माणसं त्या दोन ठिकाणी यायची. 1870च्या दशकातच चिनी समाज या उत्सवात उतरला, आणि लवकरच लोक मुख्यतः त्यांची मिरवणूक बघायलाच गर्दी करू लागले. आगगाडीने लांबून लांबून माणसं यायची. ज्यांच्या नावावर सरकारने माणशी दहा पौंड लावले होते, त्यांनीच स्वतःच्या पैशाने रेशीम मागवलं, ते अंगावर घालून रस्त्यावर उतरले आणि जमा झालेले पैसे सगळ्या गावाच्या दवाखान्याला दिले. त्यांना हाकलून द्यायच्या सभांना गेलेल्यांपैकीही कुणी ना कुणी त्या खाटांवर झोपला असेलच.

मी नर्स आहे. खाट, चादर, औषध, रात्रीचा दिवा या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात हे मला रोज दिसतं. त्या झग्यांसमोर उभी असताना मला त्यांची किंमत खाटांमध्ये मोजावीशी वाटली. यावर इथे कुठेही आरडाओरडा नाही, हे मला विशेष आवडलं. पाट्या शांतपणे सांगतात: हे वस्त्र, हे वर्ष, ही मिरवणूक, हा निधी. कर आणि कायदे यांचाही उल्लेख आहे, पण रागाने नाही. कुणाला वाटेल की अन्याय आणखी ठळकपणे मांडायला हवा होता. मला तसं वाटलं नाही. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी ती कशी सांगायची हे ठरवलंय, आणि त्यांनी आपल्या आजोबांना बिचारा म्हणून उभं केलेलं नाही.

मग लूंग. हा म्हातारा ड्रॅगन, एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा, आणि इतका जुना, पाच नखांचा, संपूर्ण टिकलेला शाही ड्रॅगन जगात दुसरा नाही असं मानतात. रंग विझलेत, रेशीम विरलंय. फोटोसाठी लोक त्याच्यापाशी फारसे थांबत नाहीत, कारण बाजूला भव्य ड्रॅगन आहेत. तुम्ही थांबा. मे 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाचं पहिलं संसद अधिवेशन मेलबर्नमध्ये भरलं, ब्रिटनचा युवराज आला होता. त्या सोहळ्याच्या मिरवणुकीत हा लूंग मेलबर्नच्या रस्त्यांवर नाचला. नव्या देशाच्या जन्माचा आनंद म्हणून. आणि त्याच संसदेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन कायदा केला. अधिकाऱ्याने पन्नास शब्दांचा उतारा वाचायचा, तोही कुठल्याही युरोपीय भाषेत, आणि नको असलेल्या माणसाने तो न चुकता लिहून दाखवायचा. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढता येत होती. ही परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच. ती 1958 पर्यंत कायद्यात राहिली. आपल्या लोकांनाही तीच लागू होती. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असल्याचा काही उपयोग नव्हता.

मी इथे येण्याआधी इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा लेखनात अर्धा गुण कमी पडला आणि मी आठवडाभर कुणाशी नीट बोलले नव्हते. पण माझी परीक्षा पास होण्यासाठी होती. अभ्यास केला, फी पुन्हा भरली, पास झाले. लूंगसमोर मला तो फरक अंगावर आल्यासारखा जाणवला. आईला मी ते सगळं सांगितलं. ती लूंगच्या तोंडाकडे बघत होती. "सहा-सात महिन्यांपूर्वी यालाच नाचवलं होतं ना त्यांनी?" एवढंच म्हणाली.

दुसरा ड्रॅगन सुन लूंग. हाँगकाँगच्या कारागिरांनी बनवलेला, 1970 च्या ईस्टरला पहिल्यांदा बाहेर पडलेला, सुमारे शंभर मीटर लांब. त्याचं वेटोळं बघत चालताना शेपूट कधी येणार असं होतं. 2019 मध्ये तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दाई गुम लूंग आला, आणखी लांब, नवा कोरा, खवल्या-खवल्यांवर छोटे आरसे. आई आरशांवर हरखली. मला मात्र सुन लूंगच जवळचा वाटला, त्याच्या अंगावर जागोजाग केलेल्या डागडुजीमुळे.

तिथे एक वयस्क स्वयंसेवक होते. आई पुन्हा पुन्हा मागे वळून टाके बघतेय हे त्यांनी हेरलं आणि आपणहून बोलायला आले. त्यांनी तरुणपणी सुन लूंग खांद्यावर घेतला होता. "बाहेरून लोकांना ड्रॅगन दिसतो," ते म्हणाले, "आतून फक्त पुढच्या माणसाच्या टाचा दिसतात. त्याच्या टाचा चुकल्या की तुम्ही चुकलात." पन्नासेक माणसं एका वेळी लागतात, शिवाय थकलेल्यांच्या जागी घ्यायला तेवढीच. गावातल्या चिनी घरांत आता एवढे तरुण नाहीत, त्यामुळे कितीतरी वर्षांपासून इतर घरांतले लोकही आत शिरतात. मी विचारलं, "कोणालाही घेता?" ते म्हणाले, "ज्याला दुसऱ्याच्या पावलावर चालता येतं त्याला." आईने मला मराठीत विचारलं, यांना घरचं कोण आहे म्हणून. मी ते भाषांतर केलं नाही, पण त्यांनी बहुधा सूर ओळखला. खिशातून नातवाचा फोटो काढून दाखवला. नातू ड्रॅगनच्या पोटात, फक्त पाय दिसतायत.

एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली, पण तो दोष म्युझियमचा नाही, इतिहासाचा आहे. बायका दिसत नाहीत. 1861 च्या जनगणनेत व्हिक्टोरियातल्या जवळजवळ 25 हजार चिनी लोकांत बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. बायका ग्वांगदोंगमध्ये राहिल्या, पैशाची आणि पत्राची वाट बघत. काही पुरुषांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, आणि आजची बेंडिगोची कितीतरी घरं त्यातूनच आलेली आहेत. म्हणून इथले कौटुंबिक फोटो घाईने बघू नका. आडनावं चिनी, चेहरे मिश्र, टोप्या विलायती. एकेका फोटोत दोन-दोन समुद्र आहेत.

सोन्याचं म्हणाल तर इथे सोनं फार कमी. दगड फोडायची यंत्रं, खोल विहिरी, लिफ्टचे पिंजरे बघायचे असतील तर सेंट्रल डेबोराह खाण बघा. ती 1939 ते 1954 चालली, 412 मीटर खोल, सतरा मजल्यांची, आणि तिने जवळजवळ एक टन सोनं दिलं. मी पहिल्या खेपेला 61 मीटरपर्यंत उतरले होते. डोक्यावर दिवा, कानात ड्रिलचा आवाज, भिंतीत पांढरी गारगोटी. तिथे मला माझे वडील आठवले. ते कापड गिरणीत होते, कापसाच्या तंतूंनी त्यांची छाती गेली. इथल्या खाणवाल्यांची गारगोटीच्या धुळीने गेली. डॉ. वॉल्टर समन्स यांनी 1906-07 मध्ये बेंडिगोच्या खाणकामगारांच्या फुफ्फुसांची तपासणी केली आणि त्यावर अहवाल लिहिला. ईस्टरच्या मिरवणुकीचे पैसे कुठे जायचे हे आठवलं की खाण आणि हे म्युझियम ही एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. म्हणून माझा आग्रह आहे, आधी खाण, मग म्युझियम. उलट केलंत तर काचेआडचं रेशीम नुसतं देखणं दिसेल.

चिनी माणसं बहुतेक करून खोल खाणीत नव्हती. दुसऱ्यांनी धुऊन टाकून दिलेली माती ते पुन्हा धुवायचे, आणि त्यातूनही सोनं काढायचे. ज्यांना ते जमलं नाही किंवा ज्यांचा जीव मातीत वेगळ्या अर्थाने रमला, त्यांनी ओढ्याकाठी भाज्यांचे मळे केले. रखरखीत उन्हाळ्यात गावाला ताजी भाजी यांच्यामुळे मिळायची. पुढे टोमॅटोचं पीक त्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतलं.

म्युझियमला लागूनच यी युआन नावाची बाग आहे, पूल, तळं, मासे. आई तिथे बाकावर बसली आणि घरून आणलेले डबे आम्ही संपवले. बाग छान आहे, पण तिच्यासाठी वेगळा वेळ काढायला नको.

जोस हाउसला मात्र जा. ते इमू पॉइंटला आहे, जुन्या ट्रामने जाता येतं. 1870 च्या सुमाराचं देऊळ, लाल रंगवलेल्या विटांचं, बुटकं, कौलारू घरासारखं. देव ग्वान दी. आत उदबत्तीचा जुना वास भिंतींना बसलेला. आईने चपला दाराबाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तिने हात जोडले आणि मग मला हळूच विचारलं, "हा देव कशाचा?" मी म्हणाले, शब्दाला जागणाऱ्यांचा. योद्धा होता, दिलेलं वचन मोडलं नाही म्हणून देव झाला. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा एकदा हात जोडले.

वेळ हाताशी असेल तर व्हाइट हिल्सच्या दफनभूमीतला चिनी भाग बघा. हे कुठल्याही तिकिटात येत नाही. छोटे दगड, त्यांवर चिनी अक्षरं: नाव आणि गाव. मृतांसाठी कागद जाळायची विटांची भट्टी अजून उभी आहे. पुष्कळांची इच्छा असायची की काही वर्षांनी अस्थी उकरून मायदेशी न्याव्यात, आणि तशा त्या नेल्याही जात. जे दगड अजून आहेत, ते ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांचे असावेत, किंवा ज्यांना इथेच राहायचं होतं त्यांचे. आईने म्युझियमच्या वाटेवर घेतलेली शेवंतीची जुडी होती. ती तिने एकेक फूल करून वाटली. बारा फुलं होती. तेराव्या दगडापाशी ती थोडी घुटमळली, मग बारावं फूल परत उचलून दोन दगडांच्या मध्ये ठेवलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: म्युझियमला किमान दोन तास द्या, शिवणकाम-भरतकामाची जाण असलेलं माणूस बरोबर असेल तर तीन. लहान मुलांना आधी ड्रॅगनकडे सोडा आणि मग तुम्ही पाट्या वाचा. स्वयंसेवक दिसले तर त्यांच्याशी बोला, ते वाटच बघत असतात. सहलीच्या बसने जाऊ नका. शक्य असेल तर ईस्टरला जा, त्या दिवशी ड्रॅगन बाहेर असतो.

मी पुढच्या ईस्टरची सुट्टी टाकली आहे. आमच्या वॉर्डात त्या दिवसांची सुट्टी कुणाला सहज मिळत नाही, तरी टाकली आहे. आई तोवर परत गेलेली असेल. निघताना तिने त्या स्वयंसेवकांना माझ्यातर्फे विचारून ठेवलंय, की माझ्या मुलीला एक दिवस आत घ्याल का. ते माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "हे नकोत. मऊ तळव्याचे घालून या."